जुनं बॉबकॅट गरम झाल्यावर दम सोडतं : पंप बदलायच्या आधी हे बघून घ्या

घणसोलीच्या भाऊंनी विचारलंय की कळंबोलीतून सेकंडहँड स्किड लोडर (छोट्या जागेत वळणारा, पुढे बकेट असलेला लोडर) घेतलंय, ६०० किलो कपॅसिटीचं, सकाळी मस्त चालतं पण दीड-दोन तास झाले की बूम, म्हणजे बकेट उचलणारे हात, वर जायला रडतं आणि भरलेली बकेट वर धरून ठेवली तर हळूहळू आपोआप खाली येते. मेकॅनिक बोलला पंप गेला, दीड लाख लागतील. शिवाय सीट बार, म्हणजे ड्रायव्हरच्या पुढ्यात येणारा सेफ्टीचा दांडा, वर केला तरी सगळं चालू राहतं, ते सोयीचं पडतं म्हणून तसंच ठेवलंय. आणि १७ वर्षांच्या पुतण्याला शिकवायचंय. काम म्हणजे ठाण्यात रिडेव्हलपमेंटच्या बिल्डिंगमधून डेब्रिज काढणं.

मी २६ वर्षं हीच मशीनं खोलतोय, आधी तुर्भ्याला दुसऱ्याकडे आणि नंतर महाप्याला स्वतःचा शेड. दीड लाखाचं बोलूच, पण त्याआधी सीट बारचं, कारण त्याला तुम्ही सोय म्हणालात तिथेच माझा चहा गार झाला.

हे मशीन बनलं कशासाठी ते बघा. अमेरिकेत मिनेसोटात १९५७ मध्ये केलर नावाच्या दोन भावांनी टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी शेडमधली घाण काढायला, आतल्या खांबांमधून वळेल असा छोटा लोडर बनवला, त्यातूनच पुढे बॉबकॅट आलं. आपण आता कुठल्याही कंपनीचं असलं तरी बॉबकॅटच म्हणतो, जसं सगळंच जेसीबी आणि सगळंच पोकलेन. तर छोट्या जागेत वळायचं म्हणून बूमचे दोन हात ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंनी, अगदी खांद्याला लागून वर-खाली होतात आणि चढायचं-उतरायचं समोरून, बकेटवरून. म्हणजे माणूस रोज त्या कात्रीच्या पात्यातूनच ये-जा करतो. उतरताना पाय चुकून पेडलवर पडला, किंवा बाहेर डोकावून बघताना कोपर लिव्हरला लागलं की हात खाली येतात, आणि मध्ये मान असते नाहीतर छाती. हे होऊ नये म्हणून तो बार आहे, बार वर केला की स्पूल (व्हॉल्व्हमधली तेलाची वाट उघडणारी दांडी) लॉक झालं पाहिजे, चाकंही.

तुमच्या मशीनमध्ये हे कोणीतरी मारून ठेवलंय. मूळ बिघाड बहुतेक फालतूच असणार, सीटखालचा स्विच पावसाच्या पाण्याने गंजला असेल नाहीतर बारच्या सेन्सरची वायर तुटली असेल, मशीन मध्येच लॉक व्हायला लागलं आणि साइटवर कोणी थांबायला तयार नव्हतं. सीट उचला आणि टॉर्च घेऊन वायरिंग बघा. नवीन काळी टेप दिसली की संशय घ्यायचा, कंपनी तिथे अशी टेप मारत नाही. मागच्या वर्षी कोपरखैरण्याच्या एका मशीनमध्ये सीट स्विचच्या कनेक्टरमध्ये काय सापडलं माहितीय, साडीला लावायची सेफ्टी पिन, दोन्ही टोकं दोन भोकांत खुपसलेली. नाव सेफ्टी पिन, हसावं की रडावं. काही ठिकाणी तांब्याच्या तारेची घडी असते आणि काही महाभाग सरळ व्हॉल्व्हवरचं लॉकचं सोलेनॉइडच (विजेवर चालणारी खिटी) काढून ठेवतात, ते जास्त वाईट कारण वायरिंग कितीही बघितलं तरी कळत नाही. म्हणून सोलेनॉइड जागेवर आहे का तेही बघा. स्विच, सेन्सर, दोन कनेक्टर, सगळं मिळून पंपाच्या पैशापुढे काहीच नाही. दुरुस्ती झाली की सपाट जागेवर, बूम पूर्ण खाली, आजूबाजूला कोणी नाही असं बघून इंजिन स्लोवर ठेवा, बार वर करा आणि लिव्हर हलवून बघा, काहीही हललं नाही पाहिजे. रोज सकाळी ही टेस्ट, अर्धा मिनिट लागतो.

दुसरं, बूमचा सपोर्ट. बूम वर करून खाली काम करायचं असेल तर जॅकच्या (बूम उचलणाऱ्या हायड्रोलिक सिलिंडरच्या) रॉडवर बसणारा लोखंडी ठोकळा येतो कंपनीकडून, बहुतेक लाल रंगाचा, काही मॉडेलला लॉक पिना असतात. सेकंडहँड मशीनसोबत हा कधीच मिळत नाही, भंगारात गेलेला असतो. तो त्या मॉडेलचा मागवा. लाकडी ओंडका, वीट किंवा माझ्याकडे एकाने लावला होता तसा रिकामा ऑइलचा ड्रम, असलं काही चालणार नाही. तुमची बकेट स्वतःहून खाली येतेय म्हणजे तुमच्या मशीनखाली तर सपोर्टशिवाय बोटसुद्धा घालू नका.

आता दीड लाख.

पहिला प्रश्न मेकॅनिकला हा विचारा की कुठला पंप? या मशीनमध्ये साधारण दोन वेगळी खाती असतात, चाकं फिरवायला पिस्टन पंपांची जोडी आणि बूम-बकेटसाठी त्याच्या शेपटीला लावलेला छोटा गिअर पंप. गरम झाल्यावर चाकांचा दम पण जातो का? तुम्ही लिहिलंय बूमचंच. चाकं नीट ओढतायत, डेब्रिजच्या ढिगात घुसतायत आणि फक्त बूम रडतंय तर महागडा ड्राइव्हचा पंप कशाला बदलायचा? गिअर पंपची किंमत त्याच्या तुलनेत बरीच कमी असते, आणि तोही गेलाय हे अजून सिद्ध व्हायचंय.

दुसरा प्रश्न, बूम उचलताना इंजिन दबतं का? लोड घेतल्यावर आवाज जड होऊन आरपीएम पडत असेल तर हायड्रोलिक जोर मागतंय आणि इंजिन देत नाहीये, मग डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, टाकीतलं पाणी तिकडे बघा. आपल्याकडे पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून मशीन उभं केलं की आत पाणी धरतं, गणपतीत चालू करायला गेलात की खोकायला लागतं. पण इंजिन आरामात गुणगुणतंय आणि बूम मात्र जात नाही, तर तेल कुठेतरी आतल्या आत परत फिरतंय.

तिसरी गोष्ट मला कोणी शिकवली नाही, मार खाऊन शिकलो. बिघाड थंड असताना जास्त की गरम झाल्यावर जास्त? थंडीत तेल घट्ट असतं, तेव्हा त्रास होत असेल आणि पंप कुईं कुईं ओरडत असेल तर पंपाला तेल पोचत नाहीये, सक्शनचा स्ट्रेनर (टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या तेलाची जाळी) चोंदलाय नाहीतर सक्शन पाइप आतून सोलून चपटा झालाय. गरम झाल्यावर त्रास म्हणजे तेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून निसटतंय. तुमची केस दुसरी. पण तेल इतकं गरम का होतंय हेही बघायला पाहिजे ना, थेट पंपावर उडी कशाला?

कूलर बघा. डेब्रिजच्या कामातली मशीनं आली की मी तिथेच आधी जातो. मागचं दार उघडा, रेडिएटर आणि ऑइल कूलर यांच्यामध्ये बोटभर फट असते, बाहेरून दोन्ही स्वच्छ दिसतात पण फटीत सिमेंटची धूळ आणि तेलाचा ओलावा मिळून बारदानासारखा थर बसलेला असतो. मी एकदा चाकूने कापून ओढला तर सबंध चौकोनी तुकडा हातात आला, दारात टाकायच्या पायपुसण्याएवढा, आणि मालक म्हणे आम्ही तर रोज हवा मारतो. मारत होता, पण बाहेरून आत, म्हणजे धूळ अजून घट्ट बसवत होता. कूलर सैल करून बाजूला घ्या, आतल्या बाजूने बाहेर हवा मारा, पाणी मारलंत तर प्रेशर कमी ठेवा आणि सरळ मारा, तिरकं मारलं की पत्र्याच्या पाकळ्या मुडपतात. इन्फ्रारेडवालं थर्मामीटर येतं, ते एक घेऊन ठेवा. तासभर काम झाल्यावर हायड्रोलिक तेलाच्या टाकीच्या पत्र्यावर धरा. ५० ते ६० डिग्री असेल तर ठीक, ८० च्या वर जात असेल तर सील कडक होऊन मरणारच, मग नवीन पंप टाकलात तरी काही महिन्यांत परत तिथेच याल.

तेल कुठलं भरलंय? आधीच्या मालकाला विचारून उपयोग नाही, तो "चांगलंच टाकलंय" म्हणणार. टाकी रिकामी करून नवीन भरा, पण ग्रेड मॅन्युअल बघूनच, ४६ की ६८ (तेलाच्या घट्टपणाचे नंबर), की इंजिन ऑइल. हो, जुन्या काही बॉबकॅटला हायड्रोलिकमध्ये कंपनीच इंजिन ऑइल सांगायची, त्यामुळे दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर पाणी, फेस असेल तर कुठूनतरी हवा ओढतंय.

आणि जुना रिटर्न फिल्टर (टाकीत परत येणारं तेल गाळणारा) फेकू नका! हॅकसॉने डबा कापा (ग्राइंडर नको, त्याची बुरी आत पडते आणि मग कशाची ते कळत नाही), आतला कागद पसरा, उन्हात धरा. काळे रबराचे तुकडे दिसले तर सील किंवा होज पाइप आतून सुटतोय. सोनेरी चमक दिसली, चुंबकाला चिकटत नाही अशी, तर पितळ झिजतंय, पंपातलं किंवा मोटरमधलं, आणि तेव्हा तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं मी ऐकेन. कागद नुसता मळकट असेल तर पंप इतक्यात मेलेला नाही.

मग गेज. ४०० बारचं (हा बार म्हणजे प्रेशरचं माप) ग्लिसरीनवालं गेज, पुढच्या ऑक्झिलरीच्या (जादा अवजारं जोडायच्या तेलाच्या लाइनच्या) कपलरला बसेल असा अडॅप्टर करून घ्या, तेल गरम असताना ऑक्झिलरी चालू करून दोन-तीन सेकंदच प्रेशर बघायचं. एवढ्या मशीनला २०० बारच्या आसपास असतं, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. थंड-गरम दोन्ही वेळा कमी आलं तर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा), बऱ्याचदा तो आत जिथे टेकतो तिथे कचरा असतो, काढून धुतला की झालं. पण गेज बघितल्याशिवाय रिलीफचा स्क्रू आवळून "पॉवर वाढवली" हा जो प्रकार चालतो ना तो करू देऊ नका, त्यात होज फुटतात आणि बूमचं वेल्डिंग चिरतं. प्रेशर बरोबर आणि तरीही हळू? तर मोबाइलवर टायमर लावा, रिकामी बकेट, फुल रेस, खालून वर जायला किती सेकंद लागतात, थंड आणि गरम. मॅन्युअलमधल्या सेकंदांशी जुळवा. गरम झाल्यावर वेळ बराच वाढत असेल आणि फिल्टरमध्ये सोनेरी असेल तर गिअर पंप.

आता बकेट आपोआप खाली येणं. इथे सगळे सरळ जॅकचं सील किट बदलतात आणि दुसऱ्या दिवशी बूम परत खाली. कारण साधं आहे. बूमचं वजन रॉडला आत ढकलतं. पिस्टनचं सील फाटलं तर खालचं तेल वरच्या बाजूला जाईल, पण वरच्या बाजूला रॉड स्वतः जागा खाऊन बसलाय, सगळं तेल तिथे मावतच नाही. म्हणजे दोन्ही पाइप बंद असतील तर नुसतं सील गेलं म्हणून बूम तळापर्यंत बसणार नाही. बसतंय याचा अर्थ तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून निसटतंय, स्पूल झिजलाय किंवा त्याच्यावरच्या पोर्ट रिलीफमध्ये (जॅकच्या लाइनचा छोटा रिलीफ व्हॉल्व्ह) कचरा आहे. सील बघायचंच असेल तर बूम खाली स्टॉपवर टेकवा, इंजिन बंद, चावी ऑन ठेवून लिव्हर चार-पाच वेळा दोन्हीकडे हलवा म्हणजे अडकलेलं प्रेशर मरेल, जॅकच्या खालच्या बाजूचा पाइप काढा, पाइपाला प्लग मारा, जॅकच्या तोंडाखाली डबा ठेवा, हेल्परला लांब करा, मग एकाने सीटवर बसून बार खाली घेऊन इंजिन चालू करून बूम-डाऊन द्यायचं. आधी उरलेलं तेल येईल ते सोडून द्या, पण धार चालूच राहिली तर सील गेलंय. दोन्ही जॅकना वेगवेगळं करा. सील किट मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळून जाईल, जुनं सील नमुन्याला घेऊन जा. जॅक खोलताना पिस्टन बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा अजिबात वापरू नका, गोळीसारखा सुटतो.

होज पाइपचं थोडक्यात. ठाण्यात वागळे इस्टेटला क्रिम्पिंग (पाइपाला टोकाचं फिटिंग दाबून बसवणं) करून देणारे बरेच आहेत, तिथे पाइपावर काय छापलंय ते स्वतः वाचा. आर-१ म्हणजे तारेची एक जाळी, आर-२ म्हणजे दोन. अर्धा इंचात आर-१ ला १६० बार आणि आर-२ ला २७५ बार वर्किंग प्रेशर. तुमचं मशीन २०० चं. काउंटरवरचा पोरगा हाताला आला तो पाइप कापतो, दिसायला दोन्ही सारखेच.

आणि लीक हाताने शोधायचं नाही. २००९ ची गोष्ट, तुर्भ्याच्या शेडमध्ये आमचा हेल्पर पाइपावरून बोट फिरवत होता, तेल कुठून येतंय बघत. म्हणाला काहीतरी चावलं. बोटाच्या टोकाला डास चावल्यासारखा ठिपका, रक्तसुद्धा नाही, आम्ही सगळे हसलो, त्याने पुसून परत काम केलं. रात्री हात मनगटापर्यंत सुजून टणक झाला. जवळच्या एका दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात गेलो तेव्हा सर्जन म्हणाले तेल आत पसरून मांस मेलंय, लगेच आला असता तर बोट वाचलं असतं. दोन पेरं गेली. कातडी फुटायला ७ बारसुद्धा पुरतात आणि आपण २०० वर खेळतो. पुठ्ठा घ्या, लांब काठीला लावा आणि पाइपाजवळून फिरवा, पुठ्ठ्यावर रेघ उमटेल. कधी कोणाला लागलंच तर शेकायचं नाही, चोळायचं नाही, तिथल्या तिथे हाताची सर्जरी होते अशा हॉस्पिटलात न्या आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा, "हाय प्रेशरने तेल आत गेलंय." ठिपका बघून कोणालाही ते कळत नाही.

चालवण्याचं. ६०० किलो कपॅसिटी म्हणजे साधारण १२०० किलोला मशीन पुढे कलंडतं, त्याच्या निम्मा आकडा लिहितात. आता ओला मुरूम किंवा काँक्रीटचा डेब्रिज घनमीटरला दीड ते दोन टन धरा, तुमची बकेट ०.४ घनमीटरची असेल तर काठोकाठ भरली की ६०० ते ८०० किलो झाले. म्हणजे भरलेली बकेट आधीच हद्दीवर आहे, ती वर धरून वळलात की संपलं. बकेट घोट्याएवढी खाली ठेवूनच फिरायचं, वर फक्त डंपरजवळ. उतारावर जड बाजू चढाकडे. रिकामं असेल तर जड बाजू मागची, इंजिन तिथे आहे, म्हणून चढताना रिव्हर्स आणि उतरताना सरळ. भरलेलं असेल तर उलटं.

तुमच्या कामात मला सगळ्यात जास्त भीती स्लॅबची वाटते. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने डिझाइन करतात. तुमचं मशीन अडीच टनाच्या आसपास, चार चाकांवर उभं, वर डेब्रिजचा ढीग, आणि बिल्डिंग ३०-४० वर्षांची, सळ्या गंजलेल्या. ठेकेदार म्हणेल "काय नाय होत, क्रेनने वर टाकू, वरून खाली पाडत येऊ". स्ट्रक्चरल इंजिनीअरचं लेखी आणि खालच्या मजल्यांवर टेकू, दोन्ही नसेल तर मशीन तळमजल्याच्या वर न्यायचं नाही, काम गेलं तरी चालेल. बेसमेंटमध्येही हवा खेळती नसेल तर इंजिनचा धूर आत साठतो, डोकं दुखायला लागलं की लगेच बाहेर.

पुतण्याला १८ पूर्ण होईपर्यंत सीटवर बसवू नका, यावर वाद घालणार नाही मी. तोपर्यंत ग्रीस गन द्या हातात. बूमच्या पिना, जॅकच्या दोन्ही टोकांच्या पिना, बकेटच्या पिना, रोज, इंजिन बंद आणि बकेट जमिनीवर. बकेटच्या मागे जॅकच्या खालच्या पिनेचा निपल (ग्रीस भरायचं तोंड) मातीने झाकलेला असतो, तो सगळे सोडतात आणि बुश तिथलाच पहिला जातो. आधी फडक्याने पुसायला सांगा, नाहीतर मातीच आत ढकलेल. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवीन दिसेपर्यंत मारायचं. ते येतच नसेल तर निपल बदला, दहा-वीस रुपयांचा असतो.

फिल्टर कापला की कागदाचा फोटो टाका, टाकीचं तापमान आणि गेजचे दोन्ही आकडे लिहा. तोवर मेकॅनिकला ॲडव्हान्स देऊ नका.